२३,४७८ रुपये आणि एप्रिलमधला कूलर

वाचकांचे प्रश्न : पगार, घरखर्च, बचत

यावेळी पत्रांचा गठ्ठा उघडला तर निम्म्याहून जास्त पत्रं नवीन नोकरीवाल्यांची. जुलैत लागलेली पोरं सप्टेंबरात पत्र लिहितात, हे दरवर्षीचंच आहे. दोन पगार झालेले असतात आणि तिसरा यायच्या आधीच खिसा रिकामा. त्यातली दोन पत्रं जागेपुरती छोटी करून घेतली, आणि एक एका वडिलांचं, कारण ते वाचून मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

प्रश्न : नमस्कार ताई, मी मूळचा वरुडकडचा, बाबांचा संत्र्याचा बगीचा आहे. इंजिनीअरिंग नागपुरातच झालं आणि जुलैपासून मिहानमध्ये एका कंपनीत लागलो. पॅकेज ३ लाख ६० हजार. मी धरून चाललो होतो की महिन्याला ३० हजार येतील, हाती आले २३,४७८. एचआरला विचारलं तर म्हणे सीटीसी वेगळं आणि इनहँड वेगळं. मनीष नगरला तिघा मित्रांनी मिळून फ्लॅट घेतला आहे, भाडं १०,५००, म्हणजे माझे ३,५००. दोन्ही वेळचा डबा ३,२००. बाकी पैसे कुठे जाऊन राहिले काही समजून नाही राहिलं. ऑगस्टच्या २४ तारखेला खात्यात ६१० रुपये होते, रूममेटकडून दोन हजार घेतले, सप्टेंबरमध्ये पण तेच झालं. शिक्षणाचं कर्ज २ लाख ४० हजार आहे, जानेवारीपासून ४,०५० चा हप्ता सुरू होईल तेव्हा काय करू? ऑफिसमधले म्हणतात क्रेडिट कार्ड काढ. पाहुण्यातले एक काका पॉलिसी घे म्हणून मागे लागले आहेत, टॅक्स वाचतो म्हणे. नेटवर ५०-३०-२० चा नियम वाचला (निम्मा पगार गरजांना, ३० टक्के हौसेला, २० टक्के बचतीला), तो पण जमून नाही राहिला. आणि घरी किती पाठवू? बाबा मागत नाहीत, पण...

उत्तर : तुझं पत्र 'पण'वरच थांबलंय, त्या 'पण'कडे मी शेवटी येते. ताई म्हटलंस म्हणून अरेतुरे करते, चालवून घे.

आधी ते ३० हजारांचं. सीटीसी म्हणजे कंपनीचा तुझ्यावरचा सगळा खर्च, इनहँड म्हणजे प्रत्यक्ष खात्यात पडतं ते. मी २२ वर्षं हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पगारपत्रकं केली आणि दरवर्षी पहिल्या पगाराच्या दिवशी नव्या पोरांची लाइन माझ्या टेबलासमोर लागायची, सगळ्यांचा प्रश्न एकच, मॅडम माझे पैसे कोणी कापले. तू पेस्लिप सोबत पाठवलीस ते फार बरं केलंस. बघ, ३० हजारांतले २,००० तर महिन्याला मिळायचेच नव्हते, तो वर्षाच्या शेवटी मिळणारा बोनस आहे, एप्रिलमध्ये येईल आणि तोही 'परफॉर्मन्सप्रमाणे', म्हणजे २४ हजार पूर्ण येतीलच असं नाही. ७२२ ग्रॅच्युइटीचे, ते कंपनी कागदावर तुझ्या नावाने धरते पण नेहमीच्या पर्मनंट नोकरीत ५ वर्षं टिकलास तर देते. १,८०० कंपनीचा पीएफचा वाटा. हे सगळं गेल्यावर उरले २५,४७८, त्यातून तुझा स्वतःचा पीएफ १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २००. झाले २३,४७८. फेब्रुवारीत प्रोफेशनल टॅक्स २०० ऐवजी ३०० कापतील, वर्षाचे २,५०० पूर्ण करायला, तेव्हा शंभर रुपये कमी आले म्हणून पुन्हा एचआरकडे धावू नको.

यात एक गोष्ट चांगली आहे ती कोणी तुला सांगितली नसेल. पीएफमध्ये तुझे १,८०० जातातच, आणि कंपनीच्या १,८०० पैकी १,२५० पेन्शनच्या खात्यात आणि ५५० तुझ्या पीएफमध्ये. म्हणजे तुझ्या पीएफ खात्यात महिन्याला २,३५० जमा होऊन राहिले आहेत, वर्षाचे २८ हजारांच्या वर, व्याज वेगळं. बचत होत नाही असं जे तू पत्रात तीन वेळा लिहिलंस ते खरं नाहीच. फक्त यूएएन, म्हणजे तुझा पीएफचा कायमचा नंबर, जपून ठेव, नोकरी बदललीस तरी तोच नंबर पुढे द्यायचा, आणि नोकरी सोडली की पीएफ काढून मोबाइल घ्यायचा हा जो प्रकार पोरं करतात तो करू नको.

आता पैसे जातात कुठे. मला माहीत आहे तुला घरचे काय सांगत असतील, बाहेरचं खाणं बंद कर. ऑफिसला जाताना तर्री पोहा आणि चहा, झाले पन्नास, महिन्याचे २६ दिवस धरले तर १,३००. ते खा बाबा. तर्री पोहा बंद करून हप्ता फेडलेला माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही. तुझं ऑगस्टचं गणित पोह्याने नाही बिघडलं, ते बिघडलं फ्लॅटचं डिपॉझिट, गादी, बादल्या, गॅसची शेगडी, आणि पहिल्या पगाराची मित्रांना दिलेली पार्टी यांनी. आणि सप्टेंबर? सप्टेंबरमध्ये पोळ्याला घरी गेलास, गाडीची सर्व्हिसिंग केलीस, बहिणीला ड्रेस घेतलास, असं तूच पत्रात मधे लिहिलं आहेस. म्हणजे हे रोजचे खर्च नव्हतेच, हे अधूनमधूनचे होते, आणि गंमत अशी की असा अधूनमधूनचा खर्च प्रत्येकच महिन्यात काही ना काही निघतो, फक्त दर वेळी नाव वेगळं असतं. आपण म्हणतो हा महिना जरा जास्त गेला, पुढचा बरा जाईल, आणि पुढच्या महिन्यात मावसभावाचं लग्न निघतं.

माझंही हेच झालं होतं. पहिल्या नोकरीत १,२०० रुपये पगार होता, मी अगदी वहीत रेघा मारून महिन्याचा हिशोब मांडायची, भाजी इतकी, ऑटो इतका, आणि मोठ्या ऐटीत सांगायची की माझं बजेट बसतं. एप्रिल आला, कूलर नव्हता, नागपूरचा एप्रिल कूलरशिवाय काढता येत नाही हे तुला कळेलच, तर हप्त्याने कूलर घेतला, त्याच महिन्यात दोन लग्नांचे आहेर, आणि मे महिन्याचं लाइट बिल. ऑफिसातून अ‍ॅडव्हान्स उचलला. तो फिटता फिटता दिवाळी आली. वही तशीच्या तशी बरोबर होती बरं का, एका पानावर सुद्धा चूक नव्हती!

तर माझं म्हणणं एवढंच आहे की तू महिना धरून बसलास, आणि तुझ्याच घरात वर्षाचा हिशोब करणारा माणूस बसला आहे. तुझ्या बाबांना कोणी ७ तारखेला पगार देतं का? संत्र्याच्या आंबिया बहाराचे पैसे दिवाळीच्या आगेमागे, मृग बहार धरला तर ते फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान, व्यापारी इसार देऊन जातो आणि बाकीचे तोडणीच्या वेळी. त्या एक-दोन रकमांवर खत, फवारणी, मजुरी, तुझी कॉलेजची फी, रक्षाबंधन, दवाखाना, सगळं वर्षभर ओढायचं. त्यांना कोणी ५०-३०-२० शिकवलं नव्हतं. एकदा घरी गेलास की बाबांसोबत बस आणि विचार, जूनमध्ये खतासाठी पैसे कुठून ठेवता. तुला ऐकून आश्चर्य वाटेल की त्यांच्या डोक्यात सगळं पाठ असतं, कोणत्या महिन्यात काय येणार.

तसं तू लिहून काढ. मी तुझ्या पत्रावरून अंदाज मांडला आहे, आकडे तू दुरुस्त कर. गाडीचा इन्शुरन्स १,५००. सर्व्हिसिंग वर्षातून दोनदा, २,४००. दिवाळी, घरच्यांचे कपडे वगैरे, ६,०००. लग्नसराईतले आहेर आणि येणंजाणं ५,०००. तुझे स्वतःचे कपडे-बूट ५,०००. उन्हाळ्याचे ४,०००, यात कूलरचा तुझा तिसरा हिस्सा आणि एप्रिल-मे-जूनचं वाढीव बिल. बेरीज २३,९००. बारा महिन्यांनी भागलं की २,००० रुपये महिना. हे २,००० म्हणजे बचत नाही, हे आधीच खर्च झालेले पैसे आहेत, फक्त दुकानदाराकडे जायचे बाकी आहेत. म्हणून ते वेगळ्या खात्यात टाक, आणि त्या खात्याला यूपीआय जोडू नको. जुनं कॉलेजच्या वेळचं खातं असेलच ना पडून? तेच घे. पहिल्या दिवाळीला त्यात ६,००० जमलेले नसतील, जे ४,००० असतील तेवढ्यात दिवाळी कर. आई काही म्हणणार नाही.

कूलरचं थोडं जास्त सांगते कारण नागपुरात नवीन राहणाऱ्यांचं बजेट इथेच फुटतं. हॉस्टेलवर होतास तोवर बिल कोणी तुला दाखवलं नाही. आता महावितरणचं बिल तुमच्या तिघांच्या एका मीटरवर येणार, आणि १०० युनिटच्या वर गेलं की दर चढतो, ३०० च्या वर अजून चढतो, म्हणजे युनिट दुप्पट झाले की बिल दुप्पट नाही, त्याहून जास्त होतं. त्यामुळे हिवाळ्याचं बिल बघून उन्हाळ्याचा अंदाज बांधू नका. कूलर घ्यायचा तर फेब्रुवारीत घ्या, पारा चढायच्या आधी, एप्रिलमध्ये दुकानदार भाव करत नाही. जुना घेतला तर पंप आणि ताट्या नव्या टाकाव्या लागतात तेवढं धरा. आणि तिघांत आधीच ठरवून घ्या की फ्लॅट सोडताना कूलर कोणाचा, यावरून झालेली भांडणं मी पाहिली आहेत, हसू नको.

मग महिन्याचं असं बसतं. फ्लॅट ३,५००. लाइट, वायफाय, गॅस, भांडीवाल्या मावशी, तुझा वाटा ९००. डबा ३,२००. नाश्ता-चहा १,२०० धरू, एक-दोन दिवस रूमवर काहीतरी खाऊन निघशील. पेट्रोल १,८००, ऑफिस जामठ्याच्या बाजूला नसेल तर मेट्रोने खापरीपर्यंत जाऊन पुढे कंपनीची बस किंवा फीडर मिळते का ते एकदा बघ, मनीष नगरहून उज्ज्वल नगर स्टेशन लांब नाही, उन्हाळ्यात तर डोकंही तापणार नाही. मोबाइल ३००. इथे एक बारीक मेख आहे, रिचार्ज २८ दिवसांचा असतो त्यामुळे वर्षात बारा नाही तेरा होतात. वरुडला जाणंयेणं ६००. वर्षाच्या खात्यात २,०००. कर्जाचा हप्ता ४,०५०. घरी ३,०००. झाले २०,५५०, उरले २,९२८. त्यातले हजार एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरलेली रक्कम) किंवा आरडीत (बँकेतली दरमहाची ठेव) टाकायचे असले तर टाक, बाकी १,९२८ तुझे, पिक्चर, फुटाळा तलाव, मित्र, त्याचा हिशोब मला नको आणि तूही ठेवू नको.

हप्ता जानेवारीपासून आहे हे मला माहीत आहे. तरी तो ऑक्टोबरपासून धरायचा. म्हणजे ७ तारखेला पगार आला की ४,०५० बाजूला, जसा काही बँकेने कापलाच. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर मिळून १२,१५० होतात, तीन हप्ते तुझ्या हातात आधीच. दोन फायदे. एक तर त्याशिवाय जगायची सवय लागते, जानेवारीत धक्का बसत नाही. दुसरं, एखाद महिना पगार लांबला तरी हप्ता बाउन्स होत नाही, कारण हप्ता चुकला की तो सिबिलमध्ये, म्हणजे तुझ्या कर्जफेडीच्या नोंदीत, दिसतो आणि पुढे घराचं कर्ज घेताना बँकवाला तेच पान उघडून बसतो. कोणी म्हणेल की सध्या चढत असलेलं व्याज भरलेलं बरं, तुझ्या कर्जावर साडेदहा टक्क्यांनी महिन्याला २,१०० व्याज होतं आणि ते पुढे मुद्दलात मिळतं, ते चूक नाही, पण ज्याच्या खात्यात २४ तारखेला ६१० रुपये उरतात त्याने आधी हाताशी काही ठेवावं, असं माझं मत. एप्रिलचा बोनस आला की तो निम्मा कर्जात भर. शिक्षणाचं कर्ज लवकर भरलं म्हणून दंड लागतो का ते सँक्शन लेटरमध्ये लिहिलेलं असतं, बहुतेक लागत नाही.

तारखांचंही बघ. घरमालक ५ तारखेला भाडं मागतो आणि पगार ७ ला येतो असं तू लिहिलंस, म्हणजे दर महिन्याला दोन दिवस उसनवारी ठरलेलीच. त्यांना सरळ जाऊन सांग की काका, १० तारीख करा. नागपूरचे घरमालक भाडं वेळेवर मिळत असेल तर तारखेवर अडत नाहीत. हप्त्याची तारीखही बँकेत सांगून १० घे.

क्रेडिट कार्ड एक वर्ष नको. कार्ड वाईट असतं म्हणून नाही, पण तुझं गणित अजून बसलेलं नाही म्हणून. दहा हजारांचं बिल आलं की खाली छोट्या अक्षरात 'मिनिमम ड्यू' पाचशे लिहिलेलं असतं, पोरगा पाचशे भरतो आणि त्याला वाटतं भरलं. बाकीच्यावर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि पुढची नवी खरेदी केली तर तिच्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज. ते 'आत्ता घ्या नंतर द्या'वालं अ‍ॅपसुद्धा कर्जच असतं, नाव गोड आहे एवढंच.

आता पॉलिसीवाले काका. टॅक्स वाचतो म्हणतात ना, त्यांना विचार, किती वाचतो? तुझा वर्षाचा पगार बघता तुझा टॅक्स आहेच शून्य. नव्या करपद्धतीत पगारदाराला स्टँडर्ड डिडक्शन (पगारातून मिळणारी ठरावीक वजावट) धरून पावणेतेरा लाखांपर्यंत कर लागत नाही, आणि पॉलिसीची ती जुनी सूटही त्या पद्धतीत नाही. शून्यातून काय वाचवणार? वीस वर्षं वर्षाला पंचवीस हजार भरायची पॉलिसी तुझ्या पगारात बसत नाही, तिसऱ्या वर्षी बंद पडते आणि भरलेलं बरंचसं जातं, पगारपत्रकं करताना मी अशा कपाती सुरू झालेल्या आणि बंद पडलेल्या खूप पाहिल्या. मात्र विम्याची एक गरज तुला आहे आणि ती काकांनी सांगितली नाही. तुझ्या कर्जावर बाबा सहकर्जदार आहेत. तुझं काही बरंवाईट झालं तर हप्ता त्यांच्या गळ्यात पडतो. त्यासाठी साधा टर्म प्लॅन, म्हणजे फक्त मृत्यू झाला तर घरच्यांना पैसे देणारा विमा, घे, तुझ्या वयात महिन्याला काहीशे रुपयांत मिळतो, पैसे परत मिळत नाहीत म्हणून लोक नाक मुरडतात पण विमा असाच असतो. एसआयपीचे हजार आहेत ना, त्यातूनच भागव. काकांना नाही कसं म्हणायचं? सांग की कर्ज फिटेपर्यंत बाबांनी नवीन काही घ्यायला मनाई केली आहे. बाबांना आधी सांगून ठेव, म्हणजे झालं.

आणि तुझा तो 'पण'. बाबा मागत नाहीत पण तुला वाटतं की द्यावं, बरोबर? ३,००० मी धरलेच आहेत. पण मी म्हणेन त्यातले २,००० दर महिन्याला आईच्या खात्यात टाक, बाबांच्या नाही, आईच्या, आणि तिला सांग की हे घरखर्चाला नाही, तुझे आहेत. उरलेले हजार वर्षाच्या खात्यात साठू दे. जूनपर्यंत ९,००० होतील. दिवाळीनंतर बाबांच्या हातात आंबियाचे पैसे असतात, तेव्हा तुझे तीन हजार त्यांना दिसणारही नाहीत, पण जूनमध्ये खत भरायच्या वेळी नऊ हजार दिसतात. त्यावेळी दे. आईबाबांचं आयुष्मान कार्ड काढलेलं नसेल तर तेही एका सुट्टीत काढून आण, ५ लाखांपर्यंतचा उपचार त्यात होतो, तो दवाखान्याचा खर्च तुझ्या पगारावर यायच्या आधी.

प्रश्न : ताई, मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, पहिलीच नोकरी, पगार १८,०००. नंदनवनला आईबाबांकडेच राहते म्हणून भाडं नाही. पगारातून पीएफ कापतात ते समजलं, पण १३५ रुपये ईएसआयसी आणि २०० प्रोफेशनल टॅक्स पण कापतात. ईएसआयसीचं कार्ड कधी वापरलं नाही, ते बंद करता येतं का? आणि आई म्हणते तिच्या भिशीत २,००० ची एक चिठ्ठी माझ्या नावाने टाक. टाकू का आरडी करू?

उत्तर : भिशीवर येऊच, आधी ते २०० बघ. महाराष्ट्रात महिलांना महिन्याला २५ हजारांपर्यंत पगार असेल तर प्रोफेशनल टॅक्स नाही, १ एप्रिल २०२३ पासून. आधी ही मर्यादा १० हजार होती, आणि काही ठिकाणी पगाराचं सॉफ्टवेअर अजून जुन्याच आकड्यावर चाललेलं असतं, मुद्दाम कोणी करत नसावं. पेस्लिप घेऊन अकाउंट्सच्या माणसाकडे जा, शांतपणे सांग, आणि आतापर्यंत कापलेले पुढच्या पगारात ॲडजस्ट करून माग. मैत्रिणींच्या पण पेस्लिपा बघ, एकटीने जाण्यापेक्षा चौघींनी गेलेलं बरं.

ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा, बंद करता येत नाही आणि करूही नको. २१ हजारांपर्यंतच्या पगारावर ते लागतं, तुझे पाऊण टक्का म्हणजे १३५ आणि मालकाचे सव्वातीन टक्के म्हणजे ५८५. त्यात तुझ्यावर आणि तुझ्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांवरही उपचार होतात, अवलंबून असण्याच्या अटी आहेत त्या बघून घे. आजारपणात सुट्टी घ्यावी लागली तर ठरावीक दिवस पगाराच्या ७० टक्के मिळतात, बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजाही त्यातच आहे. कार्डावर घरच्यांची नावं आणि आधार जोडलेलं आहे का तेवढं आधी तपास, दवाखान्याच्या खिडकीवर उभं राहून ते करायची वेळ येऊ देऊ नको.

भिशी. बारा जणी, प्रत्येकीचे २,०००, दर महिन्याला २४ हजार एकीला, चिठ्ठी काढून. व्याज काही नाही, बाराव्या महिन्यात तुझी चिठ्ठी निघाली तर तू फक्त वर्षभर स्वतःचेच पैसे दुसऱ्यांना वापरायला दिलेस. पहिल्या महिन्यात निघाली तर बिनव्याजी कर्ज मिळालं. तरी मी भिशीला नावं ठेवत नाही, माझी शिलाई मशीन भिशीतूनच आली, आणि ज्या बाईचा पैसा घरात टिकत नाही तिच्यासाठी भिशी हीच तिजोरी असते. आईच्या गल्लीतली, पंधरा वर्षं चाललेली, सगळ्या एकमेकींच्या घरी जाणाऱ्या बायकांची असेल तर एक चिठ्ठी टाक. बोली लागणारी भिशी असेल, म्हणजे ज्याला घाई तो कमी रक्कम घेऊन उचलतो तशी, किंवा कोणी 'मॅडम' चालवत असतील आणि बाकीच्यांना तू ओळखत नसशील, तर सरळ नाही म्हण. तिथे पैसे बुडाले तर तक्रार कोणाकडे करणार? बँकेतल्या ठेवीला निदान ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. तुझ्या १८ हजारांत भाडं नाही, डबा नाही, म्हणजे ५-६ हजार सहज बाजूला पडू शकतात, तर २,००० भिशी आणि ३,००० ची आरडी असं दोन्ही कर. आणि आईला घरात काहीतरी दे बरं, हजार का होईना, ती नाही म्हणेल तरी.

प्रश्न : मुलगा पुण्याला नोकरीला लागला, सहा महिने झाले. पगार किती ते सांगत नाही, विचारलं की फोन ठेवतो. दर शनिवारी बाहेर जेवल्याचे फोटो असतात. त्याचं एटीएम कार्ड आमच्याजवळ ठेवून त्याला महिन्याला खर्चाला पाठवावं असं आम्ही ठरवून राहिलो आहे. योग्य आहे का? — एक वडील, हनुमान नगर

उत्तर : नाही भाऊ. कार्ड तुम्ही ठेवलं तरी फोनमधून पैसे जातातच, आता कार्डाला कोण विचारतं. आणि दुसऱ्याचं कार्ड आणि पिन वापरणं बँकेच्या नियमात बसत नाही, मुलगा असला तरी.

तो पगार सांगत नाही याचं कारण मला वाटतं वेगळं असेल. तुम्ही नातेवाइकांत 'पुण्याला मोठ्या पॅकेजवर लागला' असं सांगितलं असेल आणि हातात येणारा आकडा त्यापेक्षा बराच लहान असेल, वरचं पहिलं पत्र वाचा, ३० चे २३ कसे होतात ते. त्याला लाज वाटून राहिली असेल. पुढच्या वेळी फोन केला की पगार विचारू नका, भाडं किती पडतं ते विचारा, डबा कसा आहे, पाणी येतं का. भाड्यावरून गोष्ट निघाली की तो स्वतःच पगारापर्यंत येतो. शनिवारच्या फोटोंचं मनाला लावून घेऊ नका, सहा जणांनी वाटून भरलेलं बिल असतं ते. एक मात्र नक्की विचारा, पीएफच्या खात्यात आणि बँकेत नॉमिनी म्हणून कोणाचं नाव टाकलं आहे. बरेच जण ते रकाने रिकामेच सोडतात, ऑनलाइन दहा मिनिटांचं काम आहे, आणि त्या निमित्ताने तो तुमचा आधार नंबर मागायला स्वतःहून फोन करेल.